ऊस हंगाम, रात्रीचा रस्ता आणि एडास: उभी ट्रॉली गाडीला का दिसत नाही?

वेदगंगा_काठ (प्रश्न)
निपाणी–चिकोडी–संकेश्वर पट्ट्यात कारखाने पेटले की रात्रभर रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. मागे दिवा नाही, असला तर वाढ्यांखाली (उसाच्या हिरव्या शेंड्यांखाली) झाकलेला. गाडी इलेक्ट्रिक, लेव्हल २ एडास (ब्रेक, वेग, स्टिअरिंगला मदत करणारी यंत्रणा), पुढे एक कॅमेरा आणि एक रडार.
१) चालती ट्रॉली स्क्रीनवर कधी येते, कधी नाही. उभी तर जवळजवळ येतच नाही. सेन्सरचा दोष की मुळातच असं?
२) पंक्चर ट्रॉलीच्या चाकाला दगड लावतात. ट्रॉली जाते, दगड तिथंच. तो बॅटरीच्या तळाला बसला तर काय काय तपासायचं?

रडार_७७
दोष नाही, मुळातच तसं आहे. ७७ गिगाहर्ट्‌झच्या रडारला अंतर आणि वेग उत्तम कळतो. उंची मात्र बहुतेक गाड्यांच्या रडारला नीट कळत नाही. गटाराची लोखंडी जाळी, पुलाचा सांधा, डोक्यावरची पाटी, उभी ट्रॉली, सगळं त्याच्या लेखी जागेवरचं लोखंड. प्रत्येकावर ब्रेक मारला तर मागचा येऊन आदळेल. म्हणून न हलणाऱ्या वस्तूबद्दल सॉफ्टवेअर एकट्या रडारवर विसंबत नाही, कॅमेऱ्याची साक्ष मागतं. ताशी १२ किमीनं चालणारी ट्रॉली रडार एकट्यानंही धरतं, उभी या चाळणीत गळते.

कॅमेऱ्याला वाहनाची पाठ शिकवलेली असते: दोन लाल दिवे, नंबरप्लेट, चौकोनी कडा, चाकांमधली सावली. उसाच्या मोळ्यांची पाठ त्याच्या दृष्टीनं झुडूपच.

तिसरी गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. रडारला ठळक परतावा (परत येणारी लहर) मिळतो तो ट्रॉलीच्या लोखंडी सांगाड्याचा आणि ॲक्सलचा. बाहेर लोंबणारा ऊस आणि पाला विखुरलेला, कमजोर प्रतिध्वनी देतात. म्हणजे गाडी अंतर मोजते सांगाड्यापर्यंत, आणि ऊस त्याच्या दीड मीटर अलीकडे आलेला असतो. हिशोब करा. वेग ताशी ८० किमी, म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर. समोर उभी ट्रॉली, धडकेच्या १.५ सेकंद आधी ७ मी/से² नं पूर्ण ब्रेक लागला असं धरू (प्रत्यक्षात दाब चढायलाही थोडा वेळ जातो). सांगाड्याला गाडी भिडेल साधारण ताशी १९ किमीच्या वेगानं. पण उसाची टोकं दीड मीटर आधी भेटतात, तिथं वेग असतो २५. शिवाय ती बंपरला नाही, काचेला भेटतात. बॉनेटखालची धडक शोषणारी रचना तिथं काहीच कामाची नाही. आणि ब्रेक १ सेकंद आधीच लागला तर सांगाड्याशी वेग उरतो ४९.

चोर्ला_घाट
मग रात्री एडास बंदच करून टाका की. डोळे उघडे ठेवून चालवायचं, झालं.

रडार_७७
@चोर्ला_घाट, सरसकट बंद नको. ॲडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीशी अंतर राखत ठरलेला वेग धरणारी सोय) बंद करा, ऑटो ब्रेक चालू ठेवा. क्रूझचा धोका असा की तो ८० धरून बसतो आणि पाय ब्रेकपासून लांब राहतो. ऑटो ब्रेकनं ८० चा वेग ४९ वर आणला तरी जीव वाचू शकतो.

डोळ्यांचाही हिशोब बघा. लो बीममध्ये बिनदिव्याची काळपट वस्तू ४०–५० मीटरवर दिसते. दीड सेकंद प्रतिक्रियेचा धरला तर थांबायला ८० वर सुमारे ६९ मीटर लागतात, ६० वर ४५, ५० वर ३५. उसाचा पाला आणि मळी सांडलेल्या ओल्या रस्त्यावर ६० च्या वेगाचे ४५ मीटर ५३ होतात. म्हणजे समोरून गाडी येतेय आणि हाय बीम लावता येत नाही, तेव्हा ५०. लेव्हल २ मध्ये जबाबदारी चालवणाऱ्याचीच असते, हे मॅन्युअलमध्येही लिहिलेलं असतं. ते पान कोणी उघडत नाही.

सेल_बॅलन्स
दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. इतका खालचा दगड एडास धरतच नाही, तो चालवणाऱ्यानंच चुकवायचा. धोका खरा आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत टेस्ला मॉडेल एस रस्त्यावरच्या लोखंडी तुकड्यावरून गेल्यावर बॅटरी पॅकला आग लागली होती, आणि २०१४ मध्ये कंपनीनं तळाला टायटॅनियमचं कवच दिलं. चीनच्या २०२५ च्या नव्या बॅटरी मानकात तळावर १५० जूलचे आघात करून बघण्याची चाचणीच घातली आहे.

जोराचा ठोका बसला तर चार्जिंगला लावू नका. गाडी मोकळ्यावर ठेवा, घर, गोठा, गंजी यांपासून १५ मीटर तरी लांब. आग तासांनी, कधी दिवसांनीही लागते. कूलंटच्या (बॅटरी थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीवर पातळीची खूण करा. दुसऱ्या दिवशी उतरलेली दिसली किंवा खाली रंगीत थेंब पडले तर पॅकमधली कूलिंग प्लेट फुटल्याचा संशय घ्या. कूलंट आत सांडला की इन्सुलेशन जातं.

मग लिफ्टवर तळाच्या पत्र्याला सरळ पट्टी लावून खळगा मोजा. नुसता ओरखडा वेगळा आणि पत्रा आत दबलेला वेगळा. सर्व्हिस सेंटरला दोन आकडे लेखी मागा. पहिला इन्सुलेशन रेझिस्टन्स (बॅटरीची वीज गाडीच्या सांगाड्यात गळू न देणारा विरोध): डीसी सर्किटला किमान मर्यादा व्होल्टमागे १०० ओहम, म्हणजे ४०० व्होल्टच्या पॅकला ४० किलोओहम. पण धडधाकट पॅक मेगाओहममध्ये असतो, म्हणून "मर्यादेत आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. दुसरा, सेलनिहाय व्होल्टेज: गाडी न वापरता एकदा, आणि २४ तासांनी पुन्हा. एकच सेल बाकीच्यांपेक्षा खाली सरकत असेल तर आतून शॉर्ट सुरू झाल्याचा संशय घ्या. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक असेल तर जास्त सावध, कारण त्याचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, फरक मिलिव्होल्टमध्येच दिसतो. झाकण स्वतः उघडू नका. ६० व्होल्टच्या वर डीसी जीवघेणा.

वेदगंगा_काठ
दोघांचे आभार. ट्रॉलीवाल्यांसाठी काही करता येईल का? मागे ॲल्युमिनियमचा रडार-कोपरा (रडारची लहर आल्या दिशेला परत फेकणारा) लावला तर?

रडार_७७
स्वस्तात होतो. ८ सेंमी बाजूचे तीन काटकोन त्रिकोण एकमेकांना काटकोनात जोडायचे, तोंड मागे. ७७ गिगाहर्ट्‌झला तो साधारण ११ चौ. मीटरचा परतावा देतो (रडारचा परतावा चौ. मीटरमध्ये मोजतात), जवळपास एका कारएवढा. कोन एखाद्या अंशानं चुकला तरी परतावा घसरतो, त्यामुळे हातानं वाकवलेला पत्रा चालणार नाही. पण उभ्या ट्रॉलीची अडचण यानं सुटत नाही. कॅमेऱ्याची साक्ष लागतेच.

म्हणून आधी लाल रिफ्लेक्टिव्ह टेप, ५० मिमी रुंद, एआयएस-०९० (अशा टेपचं भारतीय मानक) ची. ती ट्रॉलीच्या फळीवर नको, उसाखाली झाकते. दोन सुट्या पाट्यांवर चिकटवा आणि भार आवळायच्या शेवटच्या दोराला, उसाच्या टोकाशी, डाव्या-उजव्या कडेला लोंबवा. जितक्या खाली तितकं बरं, कारण लो बीमचा उजेड वर जात नाही. डावीकडची पाटी जास्त चमकेल, आपल्याकडे लो बीम डाव्या कडेला वर उचललेला असतो. पाट्या दोन हव्यात, एकच असली की मागच्याला ती मोटारसायकल वाटते. कारखान्यावर भार उतरला की काढून ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये. आणि रोज फडक्यानं पुसायच्या. धूळ आणि मळी बसली की टेप असून नसल्यासारखी.