मदत हवी आहे: जुन्या फायबर बोटीचा तळ

नमस्कार मंडळी. काकांची चौदा फुटी फायबरची मोटरबोट आमच्याकडे चिकोडी तालुक्यात, कृष्णाकाठच्या शेडमध्ये पालथी पडून आहे. २०१९ च्या महापुरात याच बोटीनं मळ्यातली माणसं बाहेर काढली. भंगारात द्यायला घरात कुणीच तयार नाही, मी तर नाहीच.

जेलकोटवर (फायबरवरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर) बारीक भेगांचं जाळं आहे, ते घासून निघेल. काळजी वेगळीच आहे. कण्याजवळ फोड आलेत, टोचलं की व्हिनेगरच्या वासाचं पाणी येतं. आणि इंजिन अडकवायची मागची फळी ठोकली की भद्द वाजते, म्हणजे आतलं प्लायवुड कुजलंय.

फोड उघडून, कडा उतरत्या घासून नवे थर द्यायचे, इथपर्यंत कळलं. पण रेझिन (थर चिकटवून घट्ट करणारं रसायन) पॉलिस्टर घ्यावं की इपॉक्सी? इपॉक्सी जुन्या फायबरला जास्त घट्ट धरतं, पण त्यावर पॉलिस्टर जेलकोट नीट बसत नाही. शिवाय बाजारातली साधी चॉप मॅट (काचतंतूंच्या तुकड्यांची चटई) बहुधा पॉलिस्टरसाठीच बनवलेली असते. पाण्याखालच्या भागाला तुम्ही काय वापरलंत? तळ पुरता वाळलाय हे कसं ओळखता? आमच्याकडे पावसाळ्यात हवा फार दमट, म्हणून काम उन्हाळ्यातच उरकायचंय.

मागची फळी आतून कापून बदलावी की बाहेरून?

बेळगावच्या उद्यमबागेत रेझिन, हार्डनर, मॅट किरकोळीत कुठे मिळते? गोव्याकडचा एखादा जाणता कारागीर इकडे येऊन बघेल का? फोटो कमेंटमध्ये टाकतो.