पांढरा ॲस्परॅगस आणि कोळंबीचे कालवण : सोबत कोणती जर्मन वाइन?

माइनकाठ : आम्ही वर्षभरापासून व्युर्त्सबुर्गला राहतो. रविवारी शेजारचे जर्मन दांपत्य जेवायला येणार आहे. पांढऱ्या ॲस्परॅगसचा, म्हणजे येथील श्पार्गलचा, हंगाम असल्याने तो उकडलेले बटाटे व वितळवलेल्या लोण्यासह करणार असून, आमची खासियत म्हणून आमसूल घातलेले कोळंबीचे कालवणही ठेवणार आहे. मागे श्पार्गलसोबत ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली शार्डोने ही पांढरी वाइन घेतली होती, तेव्हा तोंडात नाणे धरल्यासारखी चव आली. दोन्ही पदार्थांना चालेल अशी एखादी ताजी जर्मन पांढरी वाइन आहे का? शिवाय बाटलीवरच्या ‘ट्रोकन’ आणि ‘काबिनेट’ या शब्दांनी माझा गोंधळ होतो.

द्राक्षवेल : श्पार्गलपुरते उत्तर आपल्या गावातच आहे : फ्रांकेन प्रांताची झिल्वानर, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन, शक्यतो ट्रोकन (कोरडी, फारशी गोडी नसलेली). जर्मनीत या वेलीची पहिली नोंदलेली लागवड १६५९ साली आपल्याजवळच्याच कास्टेल गावी झाली. शार्डोनेच्या वेळी जे बिघडले, त्याचा दोष ओकचा असावा, कारण ॲस्परॅगसचा किंचित कडवटपणा लाकडाच्या तुरटपणाला भिडला की दोन्ही चवी कडू होतात. झिल्वानर मात्र बहुधा लाकडाच्या वासापासून दूर ठेवलेली, बेताच्या आंबटपणाची आणि गवत, नासपती यांची आठवण करून देणारी असते. फ्रांकेनमध्ये ती बॉक्सबॉयटेल या चपट्या, पोटफुगीर बाटलीत मिळते, जी फ्रिजच्या दारात काही केल्या मावत नाही, म्हणून आधीच आडवी जागा करून ठेवावी. वाइन आठ ते दहा अंशांवर द्यावी. त्याहून गार केली तर वासच मरतो. आणि श्पार्गल टोकाखालून बुडख्यापर्यंत नीट सोला, कारण सालीचा एखादा धागा राहिला तरी दातांत अडकतो.

सुगरण_कोलोन : वरील सल्ला श्पार्गलसाठी मान्य आहे, कालवणासाठी नाही. आमसुलाच्या आंबटपणापुढे झिल्वानर पाणचट लागते आणि पूर्ण ट्रोकन वाइनने तिखट अधिकच झोंबते. तेथे मोझेल नदीखोऱ्यातली रीसलिंग (हेही पांढरे द्राक्ष) काबिनेट घ्यावी, जिच्यात मद्यार्क अनेकदा आठ-नऊ टक्केच असतो. थोडी उरलेली साखर तिखटाला शांत करते आणि तिचा स्वतःचा आंबटपणा आमसुलासमोर उभा राहतो. शब्दांचे म्हणाल, तर काबिनेट हा गोडीचा दर्जा नव्हे : तोडणीच्या वेळी द्राक्षरसात साखर किती होती, एवढेच तो सांगतो. ट्रोकन मात्र बाटलीत उरलेल्या साखरेविषयी आहे. आंबटपणा पुरेसा असल्यास लिटरला ९ ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाइनही ट्रोकन म्हणवते. त्यामुळे काबिनेट ट्रोकनही असते, आणि ती आपल्याला कालवणासाठी नको आहे. एकाच बाटलीचा हट्ट सोडून दोन आणा.

माइनकाठ : दोघांचेही आभार. दोन्ही बाटल्या आणून काल रात्रीच घरच्या घरी चाचणी घेतली. कालवणाच्या पहिल्या घासावर झिल्वानर खरोखरच हरवली, तर रीसलिंगचा घोट घेऊन यजमानांनी न विचारता वाटी पुन्हा पुढे केली. तेव्हा रविवारी आधी श्पार्गल, मग ग्लास बदलून कालवण, असा क्रम ठरवला आहे. बॉक्सबॉयटेल सध्या फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात, कोथिंबिरीवर आडवी पडून आहे.