मदत हवी आहे: ट्रॉल्यांमध्ये बारीक झुरळं, घरात रांगतं बाळ आणि मांजर

ओंजळ:

पुण्यात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांमध्ये फिकट तपकिरी, नखाएवढी झुरळं झाली आहेत. रात्री दिवा लावला की ओट्याखालून पळतात. सिंकखालच्या कप्प्यात आणि मिक्सरच्या बुडाशी जास्त. महिन्याभरात दोनदा फवारा मारला, ट्रॉल्यांच्या कडेने खडूच्या रेघा ओढल्या. आठ दिवस बरं असतं, मग पुन्हा तेच. आता हॉलमध्ये टीव्हीच्या मागेही दिसायला लागली आहेत.

बाळ दहा महिन्यांचं आहे, रांगतं, मिळेल ते तोंडात घालतं. मांजर घरातच असते. पेस्ट कंट्रोलवाले म्हणतात औषध हर्बल आहे, काही होत नाही. त्यांना बोलवावं का? घरीच करायचं तर कोणतं औषध, किती आणि नेमकं कुठे लावायचं? बाळाला आजोळी पाठवणं सध्या शक्य नाही.

कडुनिंब:

आधी एक झुरळ नीट बघा. डोक्यामागच्या ढालीवर दोन काळसर समांतर पट्टे असतील आणि लांबी १२ ते १५ मिलिमीटर असेल, तर ते जर्मन झुरळ. मोरीतून येणारं लालसर, ३५-४० मिलिमीटरचं मोठं झुरळ वेगळं, त्याचा उपायही वेगळा. तुमच्या वर्णनावरून पहिलंच वाटतंय.

फवारा आणि खडू आजपासून बंद करा. टीव्हीमागे झुरळं गेली त्याचं कारण बहुधा तेच आहे. दोन्हींत सहसा सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन अशा पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं. ज्याच्या अंगावर पडतं ते मरतं, उरलेली तिथून हलतात आणि नवी फट शोधतात. शिवाय जर्मन झुरळाची मादी अंड्यांची पिशवी पिल्लं बाहेर यायच्या साधारण आदल्या दिवसापर्यंत पोटाच्या टोकाला बाळगते. एका पिशवीत ३० ते ४० अंडी. फवाऱ्यापासून लांब, फटीत बसलेली एक मादी वाचली तरी महिन्याभरात तितकी पिल्लं हजर. तुमचं आठ दिवसांचं चक्र त्यातूनच आलं आहे.

खडूचं वेगळं सांगायला हवं. तो पाटीवरच्या पेन्सिलीसारखा दिसतो, त्याची भुकटी जमिनीवर राहते, आणि रांगणाऱ्या मुलाचे तळहात तिथूनच तोंडात जातात. आजच साबणाच्या पाण्याने दोनदा पुसून काढा.

उपाय म्हणजे जेल. बाजारात दोन प्रकार सहज मिळतात: फिप्रोनिल ०.०५ टक्के किंवा इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के, पिचकारीसारख्या नळीत. झुरळ ते खातं, लपायच्या जागी जाऊन मरतं, आणि त्याची विष्ठा व मेलेलं अंग बाकीची खातात. म्हणजे फटीतून कधी बाहेर न येणाऱ्या पिल्लांपर्यंतही औषध पोचतं.

मात्रा बघा. एका ठिपक्याचा आकार मोहरीहून मोठा, मसुराहून लहान. तुमच्या ओट्याला असे ४० ठिपके पुरतात, सगळे मिळून दीड ग्रॅमच्या आसपास. फिप्रोनिलच्या जेलमध्ये त्या दीड ग्रॅमात औषध असतं पाऊण मिलिग्रॅम. तेही बिजागरीच्या आत, जिथे बाळाचं बोट जात नाही. फवाऱ्याचं औषध मात्र लादीवर उघडं पडतं.

कुठे लावायचं:
ट्रॉलीच्या प्रत्येक बिजागरीच्या खाचेत एक. सरकपट्टी जिथे लाकडाला स्क्रूने बसवली आहे तिथे मागच्या टोकाला एक. सिंकखाली भांड्याच्या आणि ग्रॅनाइटच्या सांध्यात, वरच्या बाजूला तीन-चार. ओट्याच्या खालच्या कोपऱ्यांत, छताच्या बाजूने. वॉटर प्युरिफायरच्या मागे, फ्रिजच्या मागच्या पत्र्याच्या कडेला, टीव्हीच्या पॅनेलमागे. सगळ्या जागा जमिनीपासून दीड हाताच्या वर किंवा बंद कप्प्याच्या आत. कप्प्यांना मुलांसाठीची कुलूपपट्टी लावाच, दहाव्या महिन्यात मुलं दारं ओढून उघडतात.

रेघ ओढू नका, ठिपकेच ठेवा. मोठ्या गोळ्याची वरची साय वाळते आणि झुरळं ते सोडून देतात. गॅसच्या शेगडीलगत लावलं तर दोन दिवसांत कडक होतं. पिठाची धूळ बसली, फिनाईलचा हात लागला किंवा जुन्या फवाऱ्याचा अंश राहिला तर ते खातच नाहीत. म्हणून आधी ट्रॉल्या रिकाम्या करा, भांड्यांच्या साबणाने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग जेल.

पाणवठा:

आमच्याकडची जुनी पद्धत सोपी आहे. बोरिक पावडर, कणीक आणि साखर समप्रमाणात, दुधात मळून गोळ्या करायच्या आणि कोपऱ्यांत ठेवायच्या. स्वस्त आणि परिणामकारक.

कडुनिंब:

परिणामकारक आहे, पण या घरात नको. साखर-दुधातली गोळी बाळाला पेढ्यासारखी दिसते, चवही गोडच. एका गोळीत कित्येक ग्रॅम बोरिक ॲसिड जातं आणि लहान मुलाला ते विषारी आहे. कोपऱ्यात ठेवलेली गोळी मांजर पंजाने खेळत हॉलमध्ये आणेल.

बोरिक वापरायचंच असेल तर कोरडी पावडर, गोळ्या नाहीत, आणि कायमच्या बंद जागेत: ट्रॉलीच्या खालच्या पट्टीमागे, ओट्याच्या भिंतीच्या पोकळीत. फुंकर मारल्यावर दिसेल न दिसेल इतका पातळ थर. ढीग दिसला तर झुरळ त्याला वळसा घालून जातं. पोकळीचं तोंड नंतर सिलिकॉनने बंद करायचं.

तिन्हीसांज:

कापूर, लवंग, निलगिरी तेल हे सुरक्षित ना? घरात लहान मूल असलं की सगळे तेच सुचवतात.

शेपटीवाली:

नाही, आणि मांजर असलेल्या घरात तर अजिबात नाही. मांजराच्या यकृतात काही रसायनं निष्प्रभ करणारी ग्लुकुरोनाइड जोडण्याची क्रिया फार दुबळी असते. म्हणून लवंग, टी-ट्री, निलगिरी यांची तेलं तिला बाधतात. फर्निचरवर टाकलेलं तेल पंजाला लागतं आणि ती चाटून पंजे साफ करते. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात, थोडा गेला तरी. झुरळं त्या वासाने फार तर एका कप्प्यातून दुसऱ्यात जातात.

यकृताच्या याच दुबळेपणामुळे परमेथ्रिन हे पायरेथ्रॉइड गटातलं औषध मांजराला घातक आहे. कुत्र्यासाठीचं मानेवर टाकायचं परमेथ्रिनचं औषध मांजरावर कधीच वापरू नका. माशांची टाकी असेल तर पायरेथ्रॉइडचा फवारा त्या खोलीत मारायचाच नाही, अगदी थोड्यानेही मासे मरतात. आणि कुणाकडे ससा असेल तर फिप्रोनिल टाळा, इमिडाक्लोप्रिडचं जेल घ्या.

डांबरगोळ्याही काढून टाका. नॅफ्थालिनने लाल रक्तपेशी फुटतात. जी-६-पी-डी या, लाल रक्तपेशी जपणाऱ्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळाला नुसत्या त्या वासाच्या दुपट्यानेही त्रास झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. ही कमतरता आपल्याकडे दुर्मीळ नाही आणि बहुतेक घरांत ती तपासलेलीही नसते.

ओंजळ:

खडू पुसला, कपाटातल्या डांबरगोळ्या काढल्या. जेल आणते. पण ते लागू पडतंय हे कसं कळणार? आणि पेस्ट कंट्रोलवाल्यांचं काय करू?

कडुनिंब:

मोजा. चिकट सापळे चार-पाच घ्या: सिंकखाली, फ्रिजमागे, मसाल्याच्या ट्रॉलीत, टीव्हीमागे. जेल लावायच्या आधी दोन रात्री ठेवून आकडा लिहून ठेवा. सापळे बंद कप्प्यात किंवा मांजर पोचणार नाही अशा सापटीतच असावेत, उघड्यावर ठेवले तर मांजराचे केस चिकटतात. चिकटलेच तर ओढू नका, खोबरेल तेल चोळून सोडवा आणि नंतर साबणाने धुवा.

सापळा नको असेल तर काचेची बरणी घ्या. आत पावाचा तुकडा, तोंडाच्या आतल्या बाजूला दोन बोटं रुंद व्हॅसलीनचा पट्टा, बाहेरून चढायला कागद गुंडाळलेला. आत गेलेलं झुरळ वर येऊ शकत नाही. सकाळी साबणाचं पाणी ओतायचं. यात विष नावालाही नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिवसाउजेडी सुस्त किंवा उलटी पडलेली झुरळं दिसतील. घाबरू नका, जेल लागू पडल्याची ती खूण आहे. बाळ उठायच्या आधी ओल्या कागदाने उचला. दोन आठवड्यांनी ठिपके तपासा, खाल्लेल्या जागी पुन्हा लावा. चौथ्या आठवड्यात संपूर्ण फेरी पुन्हा करायचीच, एकही झुरळ दिसत नसलं तरी, कारण तोवर पिशव्यांतली पिल्लं बाहेर आलेली असतात.

महिन्याने आकडा निम्म्यावरही आला नसेल तर औषध बदला. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की काही जर्मन झुरळांना ग्लुकोज नकोसं झालं होतं. गोड आमिष वारंवार वापरलेल्या ठिकाणी ग्लुकोज टाळणारीच झुरळं जगली आणि वाढली. म्हणून फिप्रोनिलनंतर इमिडाक्लोप्रिडचं, वेगळ्या कंपनीचं जेल घ्यायचं, म्हणजे आमिषही बदलतं.

तिसरा मजला:

पेस्ट कंट्रोलवाल्यांना तीन गोष्टी विचारा. औषधाचं रासायनिक नाव आणि टक्केवारी, डब्यावरचा त्रिकोण, आणि त्यांचा परवाना. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे, त्याखाली हे काम परवान्यानेच करता येतं. डब्यावरचा त्रिकोण लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. 'हर्बल' हे रसायनाचं नाव नव्हे. डबा दाखवत नसतील तर दारातूनच परत पाठवा. "फक्त जेल, फवारा नाही" असं आधी कळवून ठेवा, बहुतेकजण तयार होतात.

एक गोष्ट ठासून सांगतो. ढेकणांसाठी म्हणून कुणी धान्यातल्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, घरात ठेवायला निघालं तर थांबवा. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, तो भिंतीच्या फटींतून आणि डक्टमधून शेजारच्या घरात जातो. झोपेत मुलं दगावल्याच्या घटना भारतात झाल्या आहेत. त्याला उतारा नाही.

पाणवठा:

बोरिकच्या गोळ्यांबाबतचं पटलं. या धाग्यावर मोरीतल्या मोठ्या झुरळांचंही येऊ द्या.

तिसरा मजला:

ती खालच्या चेंबरमधून येतात. त्यांना औषधाआधी वाट बंद करणं महत्त्वाचं. नहाणीच्या जाळीखाली पाण्याचा सापळा असतो. न वापरलेल्या बाथरूममधलं ते पाणी आटतं आणि वाट मोकळी होते. आठवड्याला तांब्याभर पाणी ओतत जा. सिंकचा आणि वॉशिंग मशीनचा पाइप जमिनीत जिथे शिरतो तिथे बोटभर फट असते, रबरी रिंग किंवा एम-सीलने बुजवा. डक्टकडून येणाऱ्या पाइपांभोवती पांढरं सिमेंट. जर्मन झुरळांच्या पिल्लाला दीड-दोन मिलिमीटरची फटही पुरते, त्यामुळे हे काम दोन्हींना लागू आहे.

कडुनिंब:

पाण्याचं मीही सांगणार होतो. अन्न आणि पाणी दोन्ही तुटलं तर जर्मन झुरळ दोन आठवडेही काढत नाही. पाणी मिळत राहिलं तर अन्नाशिवाय महिनाभर जगतं. म्हणून रात्री सिंक कोरडं, पोतेरं बाहेर वाळत, मांजराचं पाण्याचं भांडं साबणाच्या पाण्याच्या परातीत ठेवलेलं. तिचं खाणं रात्री उचलून ठेवा, नाहीतर त्या कोरड्या खाण्यापुढे जेलकडे कुणी फिरकणार नाही. पुठ्ठ्याची खोकी आणि अंड्यांचे ट्रे घरात साठवू नका, पुष्कळदा झुरळं त्यांतूनच येतात.

ओट्यावर समोर दिसलेल्या झुरळासाठी लिटरभर पाण्यात दोन चमचे भांड्यांचा द्रवसाबण, स्प्रेच्या बाटलीत. श्वासाची छिद्रं बुजून ते मरतं. फक्त जेलच्या ठिपक्यांवर उडवू नका.

ओंजळ:

समजा बाळाने ठिपका चाटलाच, किंवा मांजरीने?

शेपटीवाली:

बाळाचं तोंड आणि हात ओल्या फडक्याने पुसा, जेलच्या डब्याचा फोटो काढा आणि दिल्लीच्या एम्सच्या राष्ट्रीय विषमाहिती केंद्राला फोन करा: १८०० ११६ ११७, चोवीस तास, निःशुल्क. उलटी करवायची नाही, मीठपाणी पाजायचं नाही. बाळ सुस्त वाटलं, श्वास वेगळा वाटला, झटका आला तर फोनवर वेळ घालवू नका, १०८ ला कळवा आणि डबा घेऊन थेट दवाखान्यात जा.

मांजरीने एखादा ठिपका चाटला तर पशुवैद्यांना औषधाचं नाव सांगा आणि दिवसभर लक्ष ठेवा. मात्र अंगावर फवारा पडला, लाळ गळतेय, कान किंवा पाठीची कातडी थरथरतेय असं दिसलं तर कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने अंघोळ घालून टॉवेलात गुंडाळा आणि लगेच घेऊन जा. झटके येत असतील तर अंघोळीत वेळ न घालवता आधी दवाखाना.

ओंजळ:

सगळ्यांचे मनापासून आभार. सापळे आज रात्री ठेवते. शेवटची शंका: टीव्हीच्या आत झुरळं असतील तर जेल आत लावायचं का?

कडुनिंब:

आत नाही. प्लग काढा, टीव्हीच्या मागच्या छिद्रांच्या बाहेर, पॅनेलच्या लाकडावर चिकटपट्टीचे तुकडे लावून त्यांवर दोन-तीन ठिपके ठेवा, म्हणजे नंतर पट्टीसकट काढता येतील. मिक्सरचंही तसंच: बुडाशी जेल नको, मिक्सर ज्या कप्प्यात राहतो त्याच्या मागच्या वरच्या कोपऱ्यात. आणि दोन रात्रींचे आकडे आले की इथे लिहा, त्यावरून ठिपके कुठे वाढवायचे ते बघू.