मदत हवी आहे: उशिरा सुटणाऱ्या विमानांचं गणित अडलंय

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी विमानांचं बिघडलेलं वेळापत्रक सावरण्याचं मॉडेल करतेय. उदाहरण मुंबईचं घेतलंय. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. पावसाने सकाळी तासभर खोळंबा झाला, की तेच विमान पुढे दिल्ली, मग कोलकाता, असं करत रात्रीपर्यंत उशीर वाहून नेतं.

माझ्या काल्पनिक डेटात 40 विमानं आहेत, प्रत्येकाची 6 उड्डाणं. प्रत्येक उड्डाणाला वेळेवर ते 3 तास उशीर, 15-15 मिनिटांचे 13 पर्याय. प्रत्येक उड्डाण कुठल्याही विमानाला देता येईल असं धरलं तर 0-1 चल (म्हणजे फक्त हो किंवा नाही अशी किंमत घेणारे) 1,24,800 होतात! हाय्स (HiGHS) हा अशी गणितं सोडवणारा सॉल्व्हर रात्रभर चालवला, उत्तर नाही.

एकाच प्रकारची विमानं एकत्र प्रवाह म्हणून धरली (कुठलं विमान ते न बघता कुठून कुठे किती गेली एवढंच मोजलं) तर चल खूप कमी होतात, पण रात्री देखभालीला मुंबईतच हवं असलेलं विमान मग ओळखायचं कसं? आणि वैमानिकांच्या ड्युटीची मर्यादा याच मॉडेलमध्ये घालू, की कॉलम जनरेशनने (सगळे पर्याय एकदम न घेता, फायद्याचे तेवढेच जोडत जाण्याच्या पद्धतीने) वेगळी सोडवू?

उड्डाण रद्द करण्याचा दंड किती ठेवावा हेही कळत नाहीये. कमी ठेवला की मॉडेल सरळ रद्दच करत सुटतं, आणि ताटकळणारी माणसं डोळ्यांसमोर येतात. कुणी हे काम केलं असेल तर प्लीज सांगा.