लग्नानंतरचा पहिला उन्हाळा : तुम्हाला पहिलं काम कधी मिळालं?

रातांबा :
गेल्या वर्षी रामनवमी झाली आणि आम्ही दोघं रत्नागिरीपासून तासाभरावरच्या माझ्या सासरच्या गावी गेलो, ते मिरगाचा पाऊस पडेपर्यंत तिथेच राहिलो. लग्नाला चार महिने झाले होते. माझी एक नोकरी संपली होती, दुसरी जुलैत सुरू होणार होती. नवऱ्याचं काम घरून चालणारं, पण रेंज यायची ती फक्त विहिरीच्या वरच्या पायरीवर. त्यामुळे त्याच्या सगळ्या मीटिंगांना मागे रहाटाची कुरकुर.

पहिले तीन दिवस मला कुणी काडी उचलू दिली नाही. "तू बस गो, दमली असशील." चहा हातात, पोहे हातात, आपलं ताट उचलायला गेले तर ते ओढून घ्यायचे. पुण्यात सगळं एकटीने रेटायची सवय, इथे बसून बसून पाठ धरली. चौथ्या दिवशी बागेतून पहिली मोठी काढणी आली, माणसं कमी पडली आणि सासूबाई माजघरातून ओरडल्या, "बसलीस काय, आढी लावायला ये!" इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आढी म्हणजे पेंढ्यावर आंबा, आंब्यावर पेंढा, एवढंच मला माहीत. हापूस झाडावर पिकू देत नाहीत. चौदा आणे तयार झाला की घळाने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, देठासकट उतरवतात. देठ मोडला तर चीक सालीवर ओघळतो, पिकल्यावर तिथे काळा डाग येतो आणि तो आंबा पेटीऐवजी घरच्या रसाला जातो. मी हौसेने भराभर थर लावले. चार दिवसांनी सासूबाई आढीपाशी वाकल्या, वास घेतला आणि पेंढ्यात हात घालून नेमका एक आंबा बाहेर काढला. आपटलेला, मी चांगल्यांत घातलेला. शेजारचे चार त्याने नासवले होते. ओरडल्या नाहीत. तो माझ्या नाकाशी धरून म्हणाल्या, "हा वास लक्षात ठेव." आता पुण्यात फळवाल्याकडे मी आंबे दाबून बघत नाही, हुंगते, आणि तो माझ्याकडे संशयाने बघतो.

मेमध्ये रातांबे, म्हणजे कोकमाची फळं. ते फोडायचे, बिया आणि गर वेगळा करून त्याला मीठ लावायचं, सुटलेल्या रसात सालं बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा उन्हात. या बुडवण्याला पुट देणं म्हणतात. जितके पुट जास्त तितकं आमसूल काळंभोर आणि आंबट. माझे हात कोपरापर्यंत जांभळे झाले होते आणि भेटीगाठी नेमक्या त्याच दिवसांत. एका चुलत आजेसासूबाईंनी माझा हात हातात घेऊन विचारलं, "मेंदी अजून गेली नाही होय?"

भेटींचं तर वेगळंच प्रकरण. नव्या जोडप्याने भावकीतल्या प्रत्येक घरी जायचंच. एका संध्याकाळी पाच घरं आणि पाच पेले कोकम सरबत. प्रत्येक घरी ओटी. एक पोपटी ब्लाउजपीस मला दोनदा मिळाला. पहिल्या घरून मिळालेला सासूबाईंनी तिसऱ्या घरच्या वहिनींना दिला, आणि तो फिरत फिरत नवव्या घरी पुन्हा माझ्या ओटीत आला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

तुमचंही सांगा. सासर असो की माहेर, शेत कुठलंही असो. पाहुणचार कधी संपला आणि पहिलं काम कोणतं मिळालं?

दारेकरी :
मी डोंबिवलीचा, बायको सांगली जिल्ह्यातली. माहेरी तीन एकर ऊस. लग्नानंतरच्या मेमध्ये पंधरा दिवस राहायला गेलो. सासरे मला "पावणं" म्हणायचे आणि माझ्यासमोर खाटेवरसुद्धा बसायचे नाहीत. मला अवघडल्यासारखं व्हायचं.

तिकडे शेतीची लाइट पाळीने येते, कधी दिवसाची, कधी रात्रीची. आम्ही होतो तेव्हा रात्रीची पाळी होती. मेहुणा मित्रांबरोबर शेजारच्या गावच्या जत्रेला गेलेला, सासऱ्यांचा गुडघा सुजलेला. मी छाती काढून म्हणालो, मी धरतो दारं. त्यांनी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा खोरं हातात दिलं.

दारं धरणं म्हणजे काय, तर पाटाचं पाणी एका सरीत सोडायचं, ती टोकापर्यंत भरली की तिचं तोंड मातीने बुजवायचं आणि पुढच्या सरीचं तोंड फोडायचं. सांगायला एवढंच. रात्री दीड वाजता, बॅटरी दातात धरून, गुडघाभर चिखलात, अंगाला पाती कापतायत, तेव्हा ते एवढंच राहत नाही. माझी पहिली सरी अर्धा तास झाला तरी भरेना. मोटर चालू, पाटाला पाणी, सरीच्या तोंडाशी पाणी, टोकाला मात्र ठणठणीत. मला वाटलं जमीन तहानलेली असेल. (हे मी खरंच वाटून घेतलं होतं.)

पावणेतीनला बायको आली. गाऊनवर वडिलांचा शर्ट, पायात गमबूट. सरीच्या कडेने चालत गेली, मध्येच थांबली, कान दिला. मग म्हणाली, "इथं बीळ आहे." उंदराच्या बिळातून सगळं पाणी खालच्या शेजाऱ्याच्या रानात चाललं होतं. तिने पाचटाचा बोळा कोंबला, वर चिखलाचे दोन गोळे टाकले, टाचेने दाबलं. पाच मिनिटांत पाणी टोकाला. मी हिला दोन वर्षं ओळखत होतो. बँकेत काम करते, मांजरांना घाबरते, एवढी माहिती माझ्याकडे होती.

शेजारी सकाळी चहाला आला आणि फुकटच्या पाण्याबद्दल माझे आभार मानून गेला. सासरे तेव्हा खाटेवर माझ्या शेजारी बसले होते. हल्ली लाइटीच्या पाळीचं वेळापत्रक मला व्हॉट्सॅपवर येतं. इथे डोंबिवलीत!

सांबारवाली :
अमरावती. सासरचा दुसरा दिवस. सासूबाईंनी आतून हाक मारली, "सूनबाई, मांगच्या वाफ्यातून थोडा सांबार तोडून आण वं." मी कोल्हापूरची. वाफ्यात उभी राहून दहा मिनिटं विचार केला की सांबार तोडायचा कसा. शेवटी दिराने कोथिंबिरीकडे बोट दाखवलं. पहिलं काम हेच आणि तेही नापास. बाकी उन्हाळा कूलरमध्ये पाणी भरण्यात गेला.

आखाजीची लेक :
आमचा नियम उलटा आहे. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात त्या झोके घ्यायला, गौराईची गाणी म्हणायला आणि खापरावरची पुरणपोळी रसाबरोबर खायला. माहेरवाशिणीला काम सांगणं म्हणजे पाप. मग माझ्या आईने काम सांगितलं जावयाला.

नवरा नगरचा, उंच. आई म्हणाली, जावईबापू, तुमचा हात लांब पुरतो, गच्चीवर बिबड्यांची चिरगुटं तेवढी बघा. बिबडे म्हणजे ज्वारीचे मोठाले पापड. ज्वारी भिजवायची, दळायची, मीठ, तीळ, लसूण घालून घाटा शिजवायचा आणि तो गरम असतानाच ओल्या धोतराच्या कापडावर हाताने थापायचा. वाळले की कापड उलटं करून मागून पाणी मारतात, मगच ते सुटतात. हे मागून पाणी मारायचं त्याला कुणी सांगितलंच नाही. त्याने ओढले. सव्वाशे बिबड्यांपैकी अखंड किती निघाले ते मी इथे लिहीत नाही, तो हा धागा वाचतो. तुकडे मात्र आम्ही दिवाळीपर्यंत शेंगदाणे आणि कच्च्या तेलाबरोबर खाल्ले, आणि आई प्रत्येक फोनवर आठवणीने विचारायची, "संपला का जावईबापूंचा चुरा?"

रातांबा :
@आखाजीची लेक, माझ्या आमसुलांच्या वाटेला आलेलं माकड आणि तुमचे जावईबापू यांची गाठ घालून द्यायला हवी.

हळद्या :
वसमत, हिंगोली जिल्हा. इथल्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पाहुण्यांना सांगायला आम्हाला एक वाक्य जास्त मिळालंय.

बायको ठाण्याची. तिला वाटायचं हळद खणली की पिवळीधमक निघते. निघतो तो मातीने माखलेला गड्डा. नऊ महिन्यांचं पीक, पाला वाळला की कापायचा, मग खणणी, मग वाफेवर शिजवणं. शिजली का हे बघायला काडी टोचतात. सहज आरपार गेली की उतरवायची. ते काडी टोचायचं काम तिने मागून घेतलं आणि तीन दिवस कुणाला दिलं नाही.

शिजलेली हळद उघड्यावर पसरून दहा-पंधरा दिवस वाळवावी लागते आणि खरी परीक्षा तिथेच. एप्रिलमध्ये एका रात्री अकरा वाजता वारं सुटलं. आम्ही गच्चीवर झोपलेलो. वडील नुसतं "ऊठ" म्हणाले. मी, बायको, आई, भाऊ, आणि त्याच दिवशी सहकुटुंब भेटायला आलेले तिचे मामा, सगळे ताडपत्र्या घेऊन खळ्याकडे पळालो. मामा रेल्वेतून निवृत्त झालेले, पायजम्यात, ताडपत्रीच्या कोपऱ्यावर दगडासारखे बसून राहिले. गारा पडल्या. तरी एका बाजूची तीन-चार क्विंटल भिजलीच, आणि भिजलेल्या हळकुंडाचा रंग उतरतो, भावही उतरतो. सकाळी कुणी बोललं नाही. बायको भिजलेलं हळकुंड मोडून आतला रंग बघत होती, एकामागून एक, वडिलांसारखीच उकिडवी बसून.

पॉलिशच्या ड्रमपाशी तिने लॅपटॉप उघडला होता. त्याची बटणं अजून पिवळी आहेत.

नात :
आजीने सांगितलं तसं टंकतेय. ती बीड जिल्ह्यातली, वय सत्तरीच्या पुढे.

"माझं लगीन दुष्काळात झालं. बहात्तरचा पाऊस पडला नव्हता, आमी त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात. शेतात काय काम आसनार? ढेकळं. विहिरीचा तळ दिसायचा. लग्नाच्या सहाव्या दिवशी तुझ्या आजोबांनी आन् मी खडी फोडायला सुरुवात केली, सरकारी कामावर, रस्त्याच्या. हातावरची मेंदी तशीच. मुकादमानं विचारलं, नवी नवरी का? मी मान हलवली. तर त्यानं मला सावलीला बसून खडी फोडायला सांगितलं आन् ह्यांना उन्हात. दुपारी सुकडी मिळायची, गोड लागायची. घरी लाल मिलोच्या, म्हंजी परदेशी ज्वारीच्या भाकरी, त्या थापताना तुटायच्या. पाहुणे? पाहुणे कुनाकडं जानार? सगळे खडीवरच भेटायचे. माझी धाकटी बहीन तिथंच भेटली मला, पलीकडच्या ढिगावर. आमी दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो तर मुकादम म्हनला, आता पाच मिन्टं बसा."

मी विचारलं, आजोबा उन्हात होते तर तुला वाईट वाटलं का? म्हणाली, "नाही. ते घन चांगला मारायचे."

मक्यातली मराठी :
नवरा अमेरिकेतल्या आयोवाचा, मी नाशिकची. उन्हाळा तिकडचा, म्हणजे जून-जुलै. सासऱ्यांच्या शेतात एका वर्षी मका, पुढच्या वर्षी सोयाबीन. क्षितिजापर्यंत पीक आणि माणूस एकही नाही, याची मला आधी भीतीच वाटली. आमच्याकडे द्राक्षाच्या विरळणीला चाळीस बायका बोलत असतात.

पहिल्या दिवशीच सासूबाईंनी सांगितलं, फ्रीज तिथे आहे, भूक लागली की घे. मला रडू आलं होतं, पाहुणचाराचा एक दिवसही नाही! काम मिळालं ते शेजारच्या बियाण्याच्या प्लॉटमध्ये: मादी ओळींतल्या मक्याचे तुरे खुडून टाकायचे, म्हणजे परागीभवन हवं त्याच नराकडून होतं. तिकडे हे काम शाळकरी मुलं सुट्टीत करतात. पहाटे दवाने भिजायचं, दुपारी भाजायचं. सासरे ट्रकमधून बघायला आले, एक तुरा राहिलेला दाखवला आणि निघून गेले. तिसऱ्या दिवशी गावच्या जत्रेत ते कुणाला तरी सांगत होते, हिची ओळ स्वच्छ असते.

विहीर :
सगळं वाचलं. छान आहे, पण गोडच आहे. मला पहिलं काम मिळालं गाडीतून उतरल्यावर दोन तासांनी. सोलापूर जिल्हा, भावकीत लग्न, घरात तीसेक माणसं, आणि नवी सून म्हणजे ज्वारीच्या भाकरीचा जास्तीचा हात. चूल परसात, वर पत्रा. मला भाकरी येत होती हीच चूक झाली. तीन आठवडे मी दिवसाला साठ-सत्तर भाकरी थापल्या. नवरा सकाळी शेतात चक्कर मारायचा, मग विहिरीत पोहायचा, मग आंबे खायचा, मग झोपायचा. त्याला सगळे म्हणत, किती दमलाय पोरगा, शहरात काम फार.

भांडण झालं, पण गावात नाही. गावात भांडायला जागाच नसते. परतीच्या एसटीत झालं, आणि मागच्या सीटवरच्या मावशीने माझी बाजू घेतली.

पुढच्या मेमध्ये मी अट घातली की सकाळची विहीर माझी. सासूबाई म्हणाल्या, बायका पोहत नाहीत. आणि मग आठ दिवसांनी त्यांनीच पाठीला बांधायला गोड्या तेलाचा रिकामा डबा शोधून आणला, झाकण डांबराने बंद केलेला. दोर त्यांच्या हातात, मी पाण्यात. वरून ओरडत होत्या, "पाय हाण! पाय हाण गं!" नवरा तेव्हा परसात होता. त्याच्या भाकऱ्या फुगत नव्हत्या.