एकच ट्यूब, घरात दोघं लावून राहिले. लेकराले चालते का?

आर्वीकडची सून

नमस्कार. आमच्या घरी मेडिकलमधून आणलेली एक ट्यूब आहे. मागं बारीक अक्षरात लिहिलं आहे : क्लोबेटासॉल प्रोपिओनेट ०.०५ टक्के, निओमायसिन, मायकोनॅझोल. दुकानदार म्हणे, खाज असो की फोड, सगळ्यावर चालते.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, जांघेतल्या खाजेवर दिवाळीपासून लावून राहिले. लावली की आराम, सोडली की पहिल्यापेक्षा जास्त खाज. गोल चट्टे आता पोटापर्यंत आले. आमच्या यांच्या पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या, वावरात पाणी साचून आहे, तर तेही तीच लावतात. आता पोट्ट्याच्या गुडघ्यावर मच्छर चावला, त्यानं नखानं खाजवून काढलं, पू झाला अन् वर पिवळी खपली आली. पाच वर्षांचा आहे. सासूबाई म्हणतात लाव तीच, त्यात अँटिबायोटिक आहे.

लावू का? लावायची तर किती अन् किती दिवस? उपकेंद्रातल्या सिस्टर आज तालुक्याले मीटिंगले गेल्या, म्हणून इथं विचारून राहिली.

बंडूभाऊ वरुडवाले

ताई, बिनधास्त लावा. आमच्या घरी तशीच ट्यूब असते. एका रात्रीत खाज गायब. डॉक्टरकडे गेलं तरी तो हेच लिहून देते, वरून फी अन् गाडीचं पेट्रोल वेगळं. वाटलं तर सोबत कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं धुवा.

निवृत्त औषधवाला

बंडूभाऊ, एका रात्रीत खाज गायब होते हे खरं आहे, अन् सगळी भानगड तिथंच आहे. माझी उभी नोकरी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधखिडकीत गेली. "मागच्या बारची ती जादूची ट्यूब द्या" म्हणणारे लोक रोज यायचे, अन् त्यातल्या निम्म्यांच्या अंगावर गजकरण असायचं.

ताई, आधी लेकराचं. त्याले ही ट्यूब लावू नका. तुम्ही सांगता तशी मधाच्या रंगाची खपली बहुतेक वेळा जंतूंच्या फोडांचीच असते. तिथं जंतू मारणारं साधं मलम लागते, तुमच्या ट्यूबमधल्या क्लोबेटासॉलसारखं स्टिरॉइड नाही. म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक ॲसिड, नुसतं. "नुसतं" हे दुकानात दोनदा सांगा, कारण फ्युसिडिक ॲसिडच्या सोबत बेटामेथासोन हे स्टिरॉइड घातलेली ट्यूबही मिळते अन् घाईत तीच हातात पडते. डोस सिस्टरले किंवा डॉक्टरले विचारूनच ठरवा, आज नाही तर उद्या भेटतील.

तोवर कोमट पाणी अन् साबणानं खपली ओली करून हळूच काढा, ओरबाडू नका. नखं कापा. त्याचा टॉवेल वेगळा ठेवा. लावणाऱ्यानं आधी अन् नंतर हात धुवावे. फोड वाळेपर्यंत अंगणवाडीत पाठवू नका, नाहीतर चार लेकरांच्या गुडघ्यावर तेच दिसन.

ताप आला, लाली पसरली, पायावर लाल रेघ वर चढताना दिसली, किंवा एकाचे पाच-सात फोड झाले तर मलमानं भागत नाही. पोटातून औषध लागते, त्याच दिवशी दाखवा. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. असे फोड बरे झाल्यावर काही आठवड्यांनी लेकराचं तोंड सकाळी सुजलेलं दिसलं, किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर सरळ दवाखान्यात न्या. काही जंतूंच्या फोडांनंतर किडनीले सूज येते. सगळ्यांले येत नाही, पण आईले माहीत असलेलं बरं.

आता मामाजी. त्या ट्यूबमध्ये तीन औषधं आहेत. निओमायसिन जंतूंवर, मायकोनॅझोल बुरशीवर, अन् क्लोबेटासॉल हे स्टिरॉइड. तुम्ही म्हणाल, गजकरण बुरशीचं, मायकोनॅझोलही आहे, मग बिघडलं कुठं? स्टिरॉइड चामडीची लाली, सूज अन् खाज दाबते, अन् तिथली अंगाची प्रतिकारशक्तीही दाबते. वावरातल्या जागल्याले भांग पाजून झोपवा, ओरडा बंद होईन, पण रानडुकरं हरभऱ्यात मोकळी. त्यात खाज थांबली की माणूस ट्यूब सोडते, बुरशी तिथंच असते, पंधरा दिवसांत पुन्हा उसळते. गोल चट्ट्याची कडा पुसट होते, मग पाहणाऱ्या डॉक्टरलेही ओळखाले वेळ लागते. आजकालची बुरशी आधीच चिवट झाली आहे, टर्बिनाफिन या बुरशीच्या औषधालेही पूर्वीसारखी दाद देत नाही, अन् त्यात या असल्या मलमांचा हात आहे असं त्वचारोगाचे डॉक्टर सांगतात.

०.०५ टक्के हा आकडा पाहून फसू नका. हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड १ टक्का येते अन् ते सगळ्यात सौम्य. क्लोबेटासॉल सगळ्यात जहाल गटातलं, त्याच्या कितीतरी पट ताकदीचं. त्यात जांघेची चामडी पातळ, घडीत घाम, कापडाखाली झाकलेली. तिथं औषध जास्त मुरते. महिनोन्महिने लावलं तर चामडी कागदासारखी होते अन् बाळंतपणानंतर पोटावर असतात तसे पट्टे पडतात. ते पट्टे मग जात नाहीत.

मामाजींनी काय करावं हे ट्यूब पाहून डॉक्टर ठरवतील. इतके महिने लावलेलं एकदम सोडलं तर काही दिवस खाज अन् लाली भडकते, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर ते तिसऱ्या दिवशी गुपचूप पुन्हा तीच लावतील. बहुतेक बुरशीच्या गोळ्या अन् साधं मलम मिळन, काही आठवडे चालन. चट्टे दिसेनासे झाले तरी डॉक्टर सांगतील तिथपर्यंत लावाच लागते, अन् चट्ट्याच्या कडेबाहेर बोटभर जागेवरही. करदोडा बांधत असतील तर काढायले लावा. आमच्याकडे म्हातारे याच्यावर भांडतात, पण ओला करदोडा म्हणजे बुरशीचं घर. चड्डी-धोतर वेगळं, गरम पाण्यात धुवून कडक उन्हात. घरात अजून कोणाले असे चट्टे असतील तर सगळ्यांचा इलाज एकाच वेळी. अन् वय पाहता एकदा शुगर तपासा, वाढलेल्या शुगरवर हे पुन्हापुन्हा येते.

तुमच्या घरच्यांच्या चिखल्यांले मुख्य औषध कोरडेपणा. घरी आले की पाय धुवून बोटांच्या मधात कापडानं पुसा. मधली जागा पांढरी पडून सोलत असन तर बुरशीचं साधं मलम. फुटून पू येत असन किंवा पाऊल सुजलं असन तर दाखवा.

बंडूभाऊ वरुडवाले

म्हणजे मंग ती ट्यूब जहरच म्हणायची का? मंग दुकानात ठेवतात काहून? डॉक्टरनं माझ्या भावाले खुद्द लिहून दिलती.

गाजरगवतवाला शेतकरी

बंडूभाऊ, याचं उत्तर मी देऊ शकतो, कारण मी अशा मलमांवरच जगून आहो. मले गाजरगवताची ॲलर्जी आहे. निंदण सुरू झालं की मान, पापण्या, कोपराचा आतला भाग लाल होऊन खाजते, चामडी जाड पडते. हे गवत आपल्याकडचं नाही, १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलं म्हणतात, आता धुऱ्यावर त्याच्याशिवाय काही दिसत नाही.

सेवाग्रामच्या कस्तुरबा दवाखान्यातल्या त्वचारोग ओपीडीत दाखवतो. माझ्या रोगावर स्टिरॉइड मलमच खरं औषध. हातासाठी वेगळं, मानेसाठी वेगळं, तोंडासाठी सगळ्यात सौम्य. पापणीवर तर मनानं काहीच नाही, कारण डोळ्यात जाऊन काचबिंदू अन् मोतीबिंदू होऊ शकते असं तिथल्या डॉक्टरांनी आधीच बजावलं. एका पावसाळ्यात कोपराजवळचं इसब खाजवून चिघळलं, पाणी गळायले लागलं. तेव्हा त्यांनी स्टिरॉइड अन् अँटिबायोटिक एकत्र असलेलं मलम दिलं, आठवडाभरासाठी. नंतर परत नुसतं स्टिरॉइड, अन् तेही कमी करत नेलं. मी म्हटलं, आराम पडला, हेच चालू ठेवू का? तर म्हणे नाही. जंतू गेल्यावर अँटिबायोटिक लावत राहिलं की उरलेले जंतू त्या औषधाले सरावतात, पुढच्या वेळी ते चालत नाही.

म्हणजे मलम जहर नाही. कोणत्या रोगाले, कुठल्या जागेले अन् कधी थांबायचं, हे पाहणारा माणूस पाहिजे. बंडूभाऊ, भावाले लिहून दिली ती भावाच्या चामडीसाठी होती. तुमच्यासाठी नाही.

निवृत्त औषधवाला

बरोबर बोललात. चिघळलेलं इसब, ही अशा जोडमलमाची खरी जागा. दुकानात ठेवतात काहून, याचं उत्तर असं की चिठ्ठीवर द्यायले ठेवतात. २०१८ मध्ये सरकारनं १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायले बंदी असलेल्या यादीत टाकली. ट्यूबवर आरएक्स अशी खूण असते, ती त्याचीच. कायदा कागदावर आहे, गल्ल्यावर कोण पाहते, हे तुम्हाले-मले ठाऊक आहे.

डॉक्टरनं दिलं तर प्रमाण असं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून रेघ काढा. ते जवळपास अर्धा ग्रॅम. तेवढ्यात बोटांसकट दोन तळहातांएवढी जागा भागते. पातळ थर, दिवसातून सांगितलं तितक्याच वेळा. वरून प्लास्टिक किंवा घट्ट पट्टी बांधू नका, बाळाच्या लंगोटाखाली नको. उघड्या जखमेवर, भाजल्यावर, मुरुमांवर, नागिणीवर, गजकरणावर नको. क्लोबेटासॉलसारखं जहाल असन तर दोन आठवड्यांच्या वर नाही. लावल्यावर जागा उलट जास्त लाल होऊन खाजू लागली तर थांबा, निओमायसिनची ॲलर्जी काही लोकांले येते.

ट्यूब ओळखायची असन तर मागची नावं वाचा. बेटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन, नाहीतर क्लोबेटासॉल, हॅलोबेटासॉल. यातलं एक जरी दिसलं तर ते स्टिरॉइड. गोरं करायच्या क्रीमवरही ही नावं सापडतात. पोरींनी तर तोंडाले काही चोपडायच्या आधी डबा उलटा करून पाहावाच.

आर्वीकडची सून

लय उपकार झाले. पोट्ट्याचं कळलं, उद्या सकाळीच नेते. मामाजी मात्र सिस्टरले जांघ दाखवायले तयार नाहीत, म्हणतात लाज वाटते. अन् अजून एक. त्यांच्या पाठीवर एक फिकट चट्टा आहे, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. तो खाजत नाही, दुखत नाही. त्यावरही तीच ट्यूब लावतात. तो पण गजकरणच का?

निवृत्त औषधवाला

ताई, हे आधी सांगायचं होतं. खाजत नाही हेच पाहण्यासारखं आहे.

न खाजणारा फिकट चट्टा शिब्यांचाही असू शकते, वर बारीक कोंडा दिसते. स्टिरॉइडनंही चामडीचा रंग उतरते. पण आपल्या भागात कुष्ठरोग संपलेला नाही. २००५ मध्ये देशपातळीवर निर्मूलन जाहीर झालं, म्हणजे दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, शून्य नाही. वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीकडे आजही नवे रुग्ण निघतात.

त्यांले डोळे मिटायले सांगा. कापसाच्या टोकानं कधी चट्ट्यावर, कधी बाजूच्या चांगल्या चामडीवर हलकं टेकवा अन् कुठं लागलं ते बोट ठेवून दाखवायले सांगा. चट्ट्यावर कळलं नाही, किंवा त्या जागेवर घाम येत नाही, केस विरळ झाले, तर आठवडा घालवू नका. कळलं तरी एकदा दाखवाच, घरच्या तपासणीवर निकाल लावू नका. निघालंच तर औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, सहा महिने किंवा वर्षभर घ्यायचं असते, अन् लवकर सुरू केलं तर हातापायाले सहसा काही होत नाही. गावात बोभाटा करायची गरज नाही, घरातून हाकलायची तर अजिबात नाही.

लाजेचं म्हणाल तर आरोग्य केंद्रात पुरुष आरोग्यसेवक असतात, मेडिकल ऑफिसरही बरेचदा पुरुषच. मामाजींले म्हणा, पाठीचा चट्टा दाखवायले चला. तेवढ्याले ते येतील. आत गेल्यावर जांघेचं डॉक्टरच विचारतील, तुम्ही फक्त ट्यूब सोबत न्या, रिकामी झाली असन तरी. अन् किती महिने लावली ते चिठ्ठीवर लिहून द्या, म्हातारा माणूस "चार दिवस लावली" म्हणते.

बंडूभाऊ वरुडवाले

दादा, माझी ट्यूब आत्ता पाहिली. बेक्लोमेथासोन, क्लोट्रिमॅझोल, निओमायसिन. बगलेत लावतो, दोन वर्षं झाली.

निवृत्त औषधवाला

मंग तुम्हीही जाजा. वरुडच्या ग्रामीण रुग्णालयात ओपीडी सकाळची असते, दुपारपर्यंत थांबू नका.