'नैतिक वर्तनोपचार' म्हणजे नीती कुणाची?

प्रश्नकर्ती
पुण्यातल्या एका मराठी शाळेसाठी टिपण लिहिते आहे, पहिली ते चौथीच्या बाईंना वाटायला. विषय असा की वर्गातल्या स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांसाठी वर्तनोपचार (बिहेविअर थेरपी) वापरायचे तर काय करावं आणि काय अजिबात करू नये. मथळा दिला 'वर्गातील नैतिक वर्तनोपचार'. पहिल्याच बाईंनी कागद बघून विचारलं, "म्हणजे मूल्यशिक्षणाचा तास का?"

चूक माझीच. 'नैतिक शिक्षण' म्हणजे नीतीचं शिक्षण, नीतीने दिलेलं शिक्षण नव्हे. त्याच चालीवर 'नैतिक वर्तनोपचार' वाचलं की वाटतं, पोराचं वागणं अनैतिक होतं आणि आता ते मार्गाला लावायचंय. टिपणात नेमकं उलटं आहे. नीती पाळायची ती मोठ्यांनी.

मथळा सुचवाच, पण आणखी तीन ठिकाणी अडले आहे. एक, बिहेविअरला वर्तन, वर्तणूक की वागणूक? दोन, रिइन्फोर्समेंटला पुस्तकात 'प्रबलन' आहे, ते चौथीच्या बाईंपुढे ठेवायची माझी हिंमत नाही. तीन, मुलं हात फडफडवतात, डोळ्यांपुढे बोटं हलवतात, त्याला पालक 'स्टिमिंग' म्हणतात. मराठीत काय म्हणावं?

निवृत्त भाषाशिक्षक, सदाशिव पेठ
'वर्तणूक' नको. तो दाखल्यावरचा शब्द आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक: चांगली' असं मी स्वतः शेकड्यांनी लिहिलंय, बहुतेक वेळा मुलाचा चेहरा न आठवता. 'वर्तन' हा शास्त्रातला शब्द, वृत् धातूवरून आलेला. त्यात बरंवाईट काही नाही, म्हणून मजकुरात तो ठेवा.

'वागणूक' मात्र गमतीचा. मराठीत तो दोन्ही बाजूंनी चालतो. 'मुलाची वागणूक' म्हणजे मूल कसं वागतं, 'मुलाला मिळालेली वागणूक' म्हणजे आपण त्याला कसं वागवलं. वर्तमानपत्रात 'अपमानास्पद वागणूक' छापून येते तेव्हा ती नेहमी दुसऱ्या अर्थाची असते. तुमचा सगळा विषय या एका शब्दात बसतो असं मला वाटतं.

मानसशास्त्राचा विद्यार्थी
सर, हे भारी आहे. प्रबलनाबद्दल माझे दोन पैसे. एखाद्या वागण्यानंतर असं काही घडतं की ते वागणं पुढे वाढतं, त्याला प्रबलन म्हणायचं. त्यामुळे 'बक्षीस' हा प्रतिशब्द अपुरा पडतो. शिवाय 'ऋण प्रबलन' म्हटलं की परीक्षेत निम्मी मुलं 'शिक्षा' लिहून येतात. ती शिक्षा नव्हे. नकोशी गोष्ट थांबते म्हणून वागणं वाढतं, ते ऋण प्रबलन. समजा वर्गात गोंगाट आहे, मुलाने वही फेकली, बाईंनी त्याला बाहेर शांत व्हरांड्यात उभं केलं. बाईंच्या लेखी शिक्षा झाली, मुलाच्या लेखी गोंगाट थांबला. उद्या वही परत उडणार. आपणच शिकवली.

विशेष शिक्षिका, कोथरूड
आम्ही बाईंशी बोलताना 'बळ देणं' म्हणतो. "तुम्ही कशाला बळ देताय ते बघा," एवढं पुरतं. आणि 'बक्षीस' नि 'लाच' यांतला फरक मात्र टिपणात घालाच. मूल ओरडत असताना "गप्प बस, खाऊ देते" ही लाच झाली. काम झाल्यावर, आधी ठरल्याप्रमाणे, त्याच्या आवडीची गोष्ट मिळाली तर ते बक्षीस. पण डबा, पाणी, लघवीला जाणं, मधली सुट्टी या गोष्टी बक्षीस म्हणून अडवून ठेवायच्या नाहीत. ती अडवणूक.

'प्लॅन्ड इग्नोरिंग'ला कुणी 'दुर्लक्ष' लिहू नका. आपल्याकडे तयार शब्द आहे, 'कानाडोळा'. त्यात दिसलंय, ऐकलंय, तरी मुद्दाम सोडून दिलंय हे सगळं आलं. मात्र दुखतंय म्हणून रडणाऱ्या मुलाकडे कानाडोळा हा उपचार होत नाही. न बोलणाऱ्या मुलाचा दात दुखत असेल तर तो आधी वागण्यातूनच दिसतो, हे मी स्वतः चुकून शिकले आहे.

आई, सिंहगड रस्ता
माझा मुलगा दुसरीत आहे. त्याच्या एका हातात कायम बसचं तिकीट असतं. पीएमपीचं ते पातळ, गुळगुळीत तिकीट उभं दुमडून, नळी करून तो डोळ्याच्या कडेला फिरवतो. तिकीट जुनं होऊन त्यावरची छपाई उडाली की त्याला ते जास्त आवडतं. आधीच्या शाळेत बाईंनी ते काढून घेतलं आणि "हाताची घडी, तोंडावर बोट" सांगितलं. त्याने हाताची घडी घातली. खरंच घातली. आणि कपाळ बाकावर आपटायला लागला. वहीत शेरा आला, "आज्ञा पाळतो, पण हट्टी आहे."

आताच्या शाळेत तिकीट हातात राहू देतात. गणपतीआधी संध्याकाळी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की सकाळच्या शाळेतही तो धसकलेला असतो. तेव्हा दोन तिकिटं लागतात. बाई त्याला कान झाकायचे हेडफोन आपणहून देतात. परवा त्याने तिकीट फिरवत फिरवत वीसपर्यंत मणी मोजले. हाताची घडी असती तर मोजलेच नसते, कारण मोजायला हातच नव्हते.

स्टिमिंगला माझ्या सासूबाई सहज म्हणतात, "त्याच्या हाताला चाळा लागतो." मला हा शब्द फार आवडतो.

प्रश्नकर्ती
अहो, चाळा! मी उगाच 'स्व-उद्दीपन' असं काहीतरी लिहून बसले होते. पण 'चाळे' म्हटलं की शिवी होते ना?

निवृत्त भाषाशिक्षक, सदाशिव पेठ
एकवचन आणि अनेकवचन यांत पडलेला फरक आहे तो. हाताला 'चाळा', मनाला 'चाळा', हे निरुपद्रवी, विरंगुळ्याच्या जवळचं. 'चाळे' मात्र थांबवायचे असतात. एकवचनच वापरा.

राहिलं 'हाताची घडी'. ताई, मी छत्तीस वर्षं ती घालायला लावली. पन्नास-साठ पोरांच्या वर्गात दुसरं काय करणार? तुमच्या मुलाचं वाचून वाईट वाटलं, पण वर्ग शांत नसेल तर शिकवायचं कसं, हेही टिपणात हवं.

आई, सिंहगड रस्ता
काका, तुमची अडचण मला कळते. माझा मुलगा इतर मुलांना त्रास देत असेल तर त्यावर काम व्हायलाच हवं. तिकिटाने कुणाला त्रास होतो, एवढंच विचारते.

विशेष शिक्षिका, कोथरूड
ताईंचा प्रश्न हीच आमच्या कामाची चाळणी. या वागण्याने मुलाला किंवा दुसऱ्या कुणाला इजा होते का? शिकायला अडतं का? दोन्ही 'नाही' असेल तर उपचार कशाला? बघणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं, हे कारण पुरेसं नाही.

या उपचारांचा इतिहासही फार सोवळा नाही. 1960 च्या दशकात अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लोवास यांनी स्वमग्न मुलांवर विजेचे धक्केसुद्धा वापरले. त्यांचा 1987 चा शोधनिबंध आजही सांगितला जातो: 19 मुलं, आठवड्याला 40 तासांहून जास्त काम, त्यांतली 9 मुलं नेहमीच्या वर्गात रुळली. त्याच कामात मोठ्याने 'नाही' ओरडणं आणि प्रसंगी मांडीवर चापट हेही होतं, ते सांगायचं राहून जातं. आपल्याकडे शाळेत चापट बसतच नाही कायद्यात. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17: शारीरिक शिक्षा नाही आणि मानसिक छळही नाही. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. 1995 च्या कायद्यातल्या यादीत ती नव्हतीच.

मानसशास्त्राचा विद्यार्थी
अजून एक शब्द हवा. अमेरिकेत वर्तन विश्लेषकांना प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाची नवी आचारसंहिता जानेवारी 2022 पासून लागू झाली. त्यात पालकांची संमती आहेच, शिवाय जिथे लागू असेल तिथे मुलाचीही मान्यता घ्यायला सांगितली आहे. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, कन्सेंट आणि असेंट. मराठीत दोन्हीला 'संमती'च लिहायचं का?

निवृत्त भाषाशिक्षक, सदाशिव पेठ
पालकांची 'संमती', मुलाचा 'होकार'. 'रुकार' हा जुना सुंदर शब्द आहे, पण तुमच्या बाई कोश काढतील. संमती कागदावर सही करून मिळते, होकार रोज नव्याने घ्यावा लागतो.

एक सावधगिरी. 'मौनं संमतिलक्षणम्' आपल्या अंगात भिनलंय. न बोलणाऱ्या मुलाबाबत ते साफ चूक. 'मुकाट्याने' हा शब्दच बघा, त्यात 'मुका' आहे आणि अर्थ 'निमूट ऐकणारा'. न बोलणं आणि ऐकणं यांची गाठ आपण भाषेतच मारून ठेवलीय.

विशेष शिक्षिका, कोथरूड
सर, हे टिपणात जसंच्या तसं जाऊ दे. नकार कसा दिसतो तेही लिहा: कार्ड सारून देणं, मान वळवणं, अंग ताठ करणं, उठून दाराकडे जाणं. तो दिसला की थांबायचं, आणि "थांबूया" असं दाखवायला त्याला एक चित्रकार्ड द्यायचं. ते दाखवल्यावर खरंच थांबायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी कार्ड कचऱ्यात.

प्रश्नकर्ती
'उपचार' हा शब्द राहू द्यावा का? मला त्यात दवाखाना दिसतो.

निवृत्त भाषाशिक्षक, सदाशिव पेठ
मला षोडशोपचार दिसतात. आलेल्याला आसन द्या, पाय धुवायला पाणी द्या, मग पुढचं. उपचार म्हणजे मुळात जवळ जाऊन केलेली सेवा. दुसरीकडे 'केवळ उपचार म्हणून' असंही आपण म्हणतोच, त्याचीही वर्गात भीती आहे. मी ठेवीन.

प्रश्नकर्ती
मग मथळा असा करते: 'स्वमग्न मुलांचे वर्तन आणि त्यांना मिळणारी वागणूक: वर्गासाठी टिपण'. 'नैतिक' काढलं. आत 'चाळा', 'बळ देणं', 'कानाडोळा', 'होकार'. 'प्रबलन' फक्त एकदा, कंसात. उद्या छापायला देते. मेल्टडाऊनला, म्हणजे सगळं असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटतो त्याला, अजून शब्द नाही. 'हट्ट' नव्हे, एवढं पक्कं.

आई, सिंहगड रस्ता
हट्ट करणारं मूल मधून मधून बघतं, आई बघतेय का. माझा मुलगा तेव्हा कुणाकडेच बघत नाही. आम्ही घरात "त्याला अनावर झालं" म्हणतो.

प्रश्नकर्ती
घेतलं. 'अनावर होणं'.

निवृत्त भाषाशिक्षक, सदाशिव पेठ
छापण्याआधी शुद्धलेखन बघा. 'वागणूक'मध्ये णू दीर्घ, पण 'वागणुकीला' लिहिताना ह्रस्व. मागच्या टिपणात तुम्ही दोन्हीकडे दीर्घ ठेवला होता.